लोकांसमोर मांडलेले विज्ञान : हाफकिन संस्थेची सव्वाशे वर्षे

परळच्या जुन्या राजभवनात १० ऑगस्ट १८९९ रोजी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते प्लेग रिसर्च लॅबोरेटरीचे उद्घाटन झाले. आज हाफकिन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेला २०२४ मध्ये सव्वाशे वर्षे पूर्ण झाली. अशा प्रसंगी इमारती, संचालक, लशींचे डोस यांची जंत्री देण्याचा प्रघात आहे. हाफकिनच्या बाबतीत ती मोठी आणि अभिमानास्पदही होईल. पण त्या जंत्रीतून संस्थेचे वेगळेपण पुरते कळत नाही. औषध आजारी माणसाला देतात आणि त्याची गरज त्याला स्वतःलाच पटलेली असते. लस मात्र धडधाकट माणसाला टोचायची असते. ज्याला काहीही झालेले नाही त्याने दंड पुढे करावा, एक-दोन दिवसांचा ताप सोसावा, यासाठी त्याची संमती लागते, आणि पुरावा पाहिल्याशिवाय शहाणा माणूस अशी संमती देत नाही. म्हणून लस शोधणाऱ्या संस्थेचे निम्मे काम प्रयोगशाळेत होते आणि निम्मे सभागृहात, चाळीत, गावच्या चावडीवर होते. शास्त्रज्ञाने आपल्या संशोधनाविषयी लोकांपुढे उभे राहून बोलणे हा या संस्थेच्या कामाचा भाग होता. तो जेव्हा नीट पार पडला तेव्हा संस्था वाढली आणि जेव्हा त्यात खंड पडला तेव्हा संस्थेला त्याची किंमत मोजावी लागली, असे या इतिहासाकडे पाहताना स्पष्ट दिसते.

१८९० चे दशक : एक खोली आणि एक व्हरांडा

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागातील एका रुग्णाला प्लेग झाल्याचे निदान डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी केले. गोव्यातील हडफड्याचे व्हिएगस ग्रँट मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी आणि मुंबईतले नावाजलेले वैद्य होते. निदान जाहीर होताच शहर हादरले. बंदराचा व्यापार अडचणीत आला आणि लोक लाखांच्या संख्येने गावाकडे निघाले. सरकारने कलकत्त्याहून वाल्देमार हाफकिन यांना बोलावले. १८६० साली ओडेसा येथे जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले हाफकिन १८९३ पासून हिंदुस्थानात पटकीची लस टोचत होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत आले तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच त्यांचा संसार होता. तीन महिन्यांत त्यांनी मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवून आणि ते उष्णतेने मारून लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे इतरांना जेवढी मात्रा दिली जाई, त्याहून ती बरीच मोठी होती.

हा प्रसंग आपल्याकडे धाडसाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. त्यातली शिस्त अधिक महत्त्वाची आहे. हाफकिन यांनी आधी स्वतःच्या शरीरावर परिणाम पाहिला आणि नंतरच स्वयंसेवकांना आवाहन केले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वेच्छेने पुढे आलेल्या, निम्म्याहून थोड्या कमी कैद्यांना लस दिली गेली आणि उरलेल्यांना दिली नाही. अन्न, कोठडी, काम दोन्ही गटांचे एकच होते. न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना तो झाला, पण मृत्यू एकही नाही. वर्षभरानंतर बडोदे संस्थानातील उंडेरा गावी याहून नेटकी चाचणी झाली. तेथे प्रत्येक घरातील काहींना लस दिली आणि काहींना नाही, म्हणजे एकाच छपराखाली तुलना झाली. प्लेग शिरलेल्या २८ कुटुंबांत टोचलेले ७१ जण होते. त्यांपैकी ८ आजारी पडले आणि ३ मेले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले. हे आकडे समजायला वैद्यकाचे शिक्षण लागत नाही. गावच्या पाटलालाही ते कळावेत असे आहेत, आणि त्यांचे बळ नेमके त्यातच आहे.

हाफकिन यांनी ८ जून १८९९ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रतिबंधक टोचणीवर व्याख्यान दिले आणि त्याच महिन्यात ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. परळच्या उद्घाटनाला तेव्हा दोन महिने अवकाश होता. संस्थेची पाटी लागण्यापूर्वीच तिचा पुरावा विद्वानांच्या उलटतपासणीसाठी जाहीरपणे ठेवला गेला होता, ही गोष्ट या स्मरणिकेत ठळकपणे नोंदवायला हवी.

येथे एक आक्षेप साहजिकच येतो. प्लेगच्या त्या वर्षांची महाराष्ट्राची आठवण व्याख्यानांची नाही. ती घरात घुसलेल्या सोल्जरांची, सक्तीच्या छावण्यांची, पुण्यातील रँडच्या कारभाराची आणि २२ जून १८९७ च्या गोळीबाराची आहे. मार्च १८९८ मध्ये मुंबईतही प्लेगच्या तपासणीवरून दंगल उसळली. अशा राजवटीतील शास्त्रज्ञाच्या जाहीर मांडणीला काय अर्थ, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गैर नाही. पण त्याच वर्षांत दोन वेगळ्या पद्धती शेजारी-शेजारी चालू होत्या. एका पद्धतीत घरझडती, सक्तीचे विलगीकरण आणि सामान जाळणे होते, तर दुसरीत टोचणी ऐच्छिक होती. पहिलीने लोक बिथरले. दुसरी संथ चालली, पण तिच्यामागे माणसे आपणहून उभी राहिली. आगाखान यांनी आपल्या अनुयायांदेखत स्वतःला लस टोचून घेतली आणि मग खोजा समाजातील हजारो लोकांनी तिचा स्वीकार केला. ग्रँट मेडिकल कॉलेजची जागा अपुरी पडल्यावर मलबार हिलनंतर प्रयोगशाळा काही काळ आगाखानांच्याच खुश्रू लॉजमध्ये होती. लोकांनी नाकारला तो जुलूम. जेथे पुरावा समोर ठेवला गेला आणि विश्वासातल्या माणसाने तो आधी स्वतःवर पडताळला, तेथे लस नाकारली गेली नाही.

परळच्या वास्तूबद्दल एक नोंद करण्याचा मोह आवरत नाही. पोर्तुगीज काळातील धर्ममठ, मग मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान असा तिचा प्रवास झाला होता. १८८२ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी तेथे पटकीने वारल्या आणि त्यानंतर गव्हर्नरांनी ती जागा सोडली. पटकीमुळे ओस पडलेला तो वाडा पटकीच्या लशीचा शोध लावणाऱ्या शास्त्रज्ञाच्या हाती आला.

१९०० चे दशक : उंदीर, पिसवा आणि एक व्याख्यान

लस मिळाली तरी प्लेग पसरतो कसा, हे कोडे सुटले नव्हते. पॉल-लुई सिमोँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून उंदरावरील पिसूकडे बोट दाखवले होते. सरकारी प्लेग कमिशनने त्याचे म्हणणे बाजूला सारले. हवा, माती, घाण, अन्न अशी कारणे तेव्हा अधिकृत मानली जात आणि त्यांवर भिंती चुन्याने रंगवण्यापासून घरे पाडण्यापर्यंतचा खर्च होत होता. परळच्या प्रयोगशाळेतील विल्यम ग्लेन लिस्टन यांनी हा धागा पुन्हा उचलला. मुंबईच्या चाळीत उंदीर पटापट मेले की तेथील माणसांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा मोठ्या संख्येने सापडतात आणि एरवी त्या माणसावर क्वचितच आढळतात, हे त्यांनी पिसवा मोजून दाखवले. प्लेगच्या घरात सोडलेल्या गिनीपिगांवर उंदरांच्या पिसवा चढतात आणि ते प्राणी प्लेगने मरतात, हेही दाखवले. नोव्हेंबर १९०४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सभेत त्यांनी ‘प्लेग, उंदीर आणि पिसवा’ या विषयावर आपला निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो त्या सोसायटीच्या नियतकालिकात आला.

या संस्थेच्या इतिहासातील सर्वांत मोलाचे व्याख्यान कोणते, असे विचारले तर उत्तर हेच द्यावे लागेल. सभा वैद्यांची नव्हती, निसर्गप्रेमींची होती. पक्षी, फुलपाखरे, साप यांची आवड असलेल्या मुंबईकरांपुढे एका सरकारी डॉक्टरने अधिकृत मताच्या विरोधातला पुरावा मांडला. त्या सभेला इंग्रजी जाणणारी मोजकी मंडळी होती, चाळीतला गिरणी कामगार तेथे नव्हता, हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. तरीही जाहीर मांडणीचा उपयोग श्रोत्यांच्या डोक्यांवरून मोजता येत नाही. एकदा बाहेर बोललेली आणि छापलेली गोष्ट फायलीत पुरता येत नाही. सिमोँचे म्हणणे सहज बाजूला सारता आले होते. लिस्टन यांचे सारता आले नाही. १९०५ पासून लिस्टर इन्स्टिट्यूट आणि रॉयल सोसायटी यांच्या सहभागाने परळमध्येच नव्याने तपास सुरू झाला. आवारात खास बांधलेल्या खोल्यांत प्रयोग झाले. पिसूची उडी पोहोचणार नाही अशा उंचीवर पिंजरा टांगला की त्यातला प्राणी वाचतो आणि जमिनीवर ठेवलेला मरतो, अशा साध्या पद्धतीने प्रश्न निकालात निघाला. त्याचे विस्तृत अहवाल १९०६ पासून ‘जर्नल ऑफ हायजीन’मध्ये प्रसिद्ध झाले. चाळीतल्या माणसाला त्याचा थेट लाभ झाला, कारण रोगाशी लढाई त्याच्या घरावरून आणि सामानावरून हटून उंदरांकडे वळली. या कामात उंदीर पकडणारे, पिसवा वेचणारे आणि प्राण्यांची देखभाल करणारे शेकडो लोक होते. त्यांची नावे अहवालांत आली नाहीत. संस्थेच्या श्रेयात त्यांचा वाटा शास्त्रज्ञांइतकाच आहे.

याच दशकात संस्थेवर मोठा आघातही झाला. पंजाबातील मुलकोवाल गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना लस दिली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मृत्यू पावले. त्या दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. तरी दोष परळच्या उत्पादनपद्धतीवर ठेवला गेला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि दूषितीकरण गावातच झाले असावे, हे पुरावे बराच काळ चर्चेत आले नाहीत. रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांचे पत्र २९ जुलै १९०७ च्या ‘टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर हाफकिन निर्दोष ठरले. ते पुन्हा हिंदुस्थानात आले, पण परळला नव्हे, कलकत्त्याला. त्या काळच्या मतभेदांची उजळणी येथे अप्रस्तुत आहे. एवढे मात्र नमूद करायला हवे की, १९ माणसांचा मृत्यू हे दुःख होतेच, आणि चौकशीचा तपशील वेळीच लोकांसमोर न आल्याने त्यात संशयाची भर पडली. पुरावा खुला झाला तेव्हाच तो संशय फिटला.

१९१० आणि १९२० ची दशके : नामकरण

१९०६ मध्ये प्रयोगशाळेचे नाव बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी झाले होते, कारण प्लेगपलीकडचे रोगही तिच्या कक्षेत आले होते. या दोन दशकांचे मुख्य काम लस बनवणे हेच होते. १८९७ ते १९२५ या काळात परळहून प्लेगच्या लशीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले. लिस्टन यांनी १९२४ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या मानाच्या मिलरॉय व्याख्यानमालेत प्लेगवर व्याख्याने दिली. मुंबईच्या चाळीत जमवलेले ज्ञान असे जगापुढे गेले. १९२५ मध्ये कर्नल मॅकी संचालक असताना संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. ज्यांना येथून जावे लागले, त्यांचेच नाव दारावर लागले आणि ते पाहण्यास ते हयात होते. १९३० मध्ये लोझानला त्यांचे निधन झाले.

१९३० आणि १९४० ची दशके : परीक्षानळीपासून धोरणापर्यंत

१९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज संशोधक मुंबईत आली आणि हाफकिन संस्थेत काम करू लागली. गरोदरपणातल्या एका घातक पांडुरोगाने येथील गरीब स्त्रिया मरत होत्या. जंतूंमुळे हे होत असावे असा समज होता. विल्स यांनी या स्त्रियांचा आहार तपासला. दोष अन्नात असल्याचे त्यांना आढळले आणि स्वस्त यीस्ट अर्क देऊन त्यांनी रुग्ण बरे केले. हे काम १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. आज गावोगावच्या आरोग्य केंद्रांत गर्भवतींना मिळणाऱ्या गोळीच्या इतिहासाचा पहिला अध्याय मुंबईत लिहिला गेला. आपल्याकडे हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे आणि त्याची खंत वाटते.

१९३२ मध्ये साहिब सिंग सोखी संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले आणि १९४९ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या काळात संस्था लशींबरोबरच औषधांकडे वळली. वागळे, सोखी, दीक्षित आणि गणपती यांनी सल्फा औषधांचा प्लेगवरील उपयोग तपासला आणि १९४१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्लेग झालेल्या माणसाला बरे करणारे औषध प्रथमच हाती आले. यांतील दीक्षित पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. सर्पदंशावरील प्रतिविषाचे उत्पादनही याच सुमारास परळमध्ये सुरू झाले. सोखी बोलणारे शास्त्रज्ञ होते. काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्य उपसमितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी लोकांच्या आरोग्याची जबाबदारी शासनाची आहे आणि अत्यावश्यक औषधे देशातच बनली पाहिजेत, अशी मांडणी केली. संशोधकाने राजकारणाच्या वाऱ्याला उभे राहू नये, असे मानणारे तेव्हाही होते आणि आताही आहेत. पण ज्याला औषध बनवण्याचा खरा खर्च ठाऊक आहे, त्याने तो सांगितला नाही, तर तो विकणाराच सांगेल. सोखी यांची भूमिका योग्य होती.

१९५० ते १९७० ची दशके : पटकीचा उलगडा आणि सापांची ओळख

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात औषधशास्त्र विभागातील एन. के. दत्ता आणि हब्बू यांनी सशांच्या पिलांमध्ये पटकी निर्माण करण्याची पद्धत १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. तोवर पटकीवर प्रयोग करायला सोयीचा प्राणीच नव्हता. १९५९ मध्ये दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी पटकीच्या जंतूंचे विष रोगाला कसे कारणीभूत ठरते, हे दाखवले. त्याच वर्षी कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी स्वतंत्रपणे तेच सिद्ध केले. डे यांचे नाव आज जगभर घेतले जाते आणि ते रास्तच आहे. परळच्या मंडळींचा उल्लेख मात्र महाराष्ट्रातही ऐकू येत नाही. काम समान तोलाचे असले तरी ते सांगणारे कोणी नसले की असे होते.

याच्या उलट उदाहरण पु. ज. देवरस यांचे. संस्थेतील प्राणिशास्त्रज्ञ देवरस यांनी सापांचा सांभाळ आणि विषाचा अभ्यास केला, सापांचे विष काढताना पाहण्यासाठी परळला येणाऱ्यांना माहिती मिळू लागली आणि नॅशनल बुक ट्रस्टसाठी १९६५ मध्ये त्यांनी भारतीय सापांवर सर्वसामान्यांसाठी पुस्तक लिहिले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप ओळखता आले आणि मांत्रिकाकडे न जाता दवाखान्यात गेले, तर माणूस वाचतो, ही गोष्ट प्रतिविषाच्या बाटलीइतकीच महत्त्वाची आहे. लोक वेळेवर आलेच नाहीत, तर बाटली कपाटातच राहते. १९७० च्या दशकाच्या मध्यास उत्पादनाचा विभाग हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ म्हणून वेगळा झाला आणि संशोधन, प्रशिक्षण व चाचणी ही कामे मूळ संस्थेकडे राहिली.

१९८० पासून आजपर्यंत

अलीकडच्या चार दशकांचा तपशील या स्मरणिकेतील विभागवार लेखांत येतो, म्हणून येथे तो थोडक्यात. पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या लशीचा मोठा पुरवठा परळच्या महामंडळातून झाला. देशातील शेवटचा नैसर्गिक पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. मूळ संस्थेत संसर्गजन्य रोगांवर संशोधन, औषधे व लशींची तपासणी आणि पदव्युत्तर शिक्षण चालते. २०२० मध्ये कोविडच्या चाचण्यांचा भार उचललेल्या प्रयोगशाळांत हाफकिनही होती.

त्या वर्षी एक गोष्ट पुन्हा सिद्ध झाली. लस मिळण्यापूर्वीच तिच्याविषयी अफवा पसरल्या. फोनवर कोणी काहीही सांगत होते आणि पुरावा कुठे पाहावा हे सामान्य माणसाला कळत नव्हते. माहिती आता सर्वत्र उपलब्ध आहे, मग व्याख्यानांची गरज काय, हा आजचा आक्षेप याच अनुभवापुढे टिकत नाही. माहिती विपुल झाली की ती पारखणाऱ्या माणसाची गरज वाढते. ज्याने स्वतः प्रयोग केला आहे, आकडे मोजले आहेत आणि ज्याला श्रोता समोरासमोर प्रश्न विचारू शकतो, अशा माणसाच्या शब्दाला वजन असते. हाफकिन आणि लिस्टन यांनी ते काम इंग्रजीत केले, कारण त्यांचा काळ तसा होता. आज संस्थेतील बहुतेक संशोधक मराठी बोलतात आणि परळ-लालबागच्या ज्या वस्त्यांत एकेकाळी प्लेगचे उंदीर मरत होते, तेथील नातवंडे विज्ञान शिकत आहेत.

शतकोत्तर रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थेला म्हणून एक विनंती आहे. परळच्या आवारात, सर्वांना खुली, मराठीतून चालणारी वार्षिक व्याख्यानमाला असावी. तिच्यात त्या-त्या विषयात प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्यांनीच बोलावे, श्रोत्यांच्या प्रश्नांना पुरेसा वेळ असावा आणि प्रत्येक व्याख्यान पुस्तिकेच्या रूपात छापले जावे. मालेतील पहिली तीन व्याख्याने लिस्टन यांच्या पिसवांवर, लूसी विल्स यांच्या पांडुरोगावरील कामावर आणि दत्ता-पानसे-कुलकर्णी यांच्या पटकीच्या संशोधनावर व्हावीत. वाचकांनी या मालेला उपस्थित राहावे आणि आपले प्रश्न सोबत आणावेत.